काढता येईल असं जोडणं : व्हिम एडिटर आणि त्याचे प्लगइन मॅनेजर

या मालेत आपण लेखनाच्या साधनांचा इतिहास पाहतो आहोत. आज टेक्स्ट एडिटरकडे वळू. टेक्स्ट एडिटर म्हणजे वर्ड नव्हे. ठळक अक्षरं, समास, पानाचा आकार या भानगडी त्यात नसतात. नुसता मजकूर लिहायचा आणि बदलायचा. प्रोग्रॅम लिहिणारी माणसं दिवसचे दिवस त्यातच असतात. मूळ कर्त्याच्या मनात नसलेलं एखादं काम या एडिटरला शिकवणारा, बाहेरच्या कुणीतरी लिहिलेला छोटा प्रोग्रॅम म्हणजे प्लगइन. आणि ही प्लगइनं आणणारा, बसवणारा, ताजी ठेवणारा, नकोशी झाली की काढून टाकणारा तो प्लगइन मॅनेजर. वाड्याला कारभारी असावा तसा. हा कारभारी का लागला आणि त्याच्या हाती किल्ल्या देताना आपण काय देऊन बसलो, एवढंच आज पाहायचं आहे.

उदाहरण व्हिमचं घेऊ. १९७६ साली बर्कलीला बिल जॉय यांनी व्हीआय नावाचा एडिटर लिहिला. तेव्हाच्या मोडेमच्या संथ तारेवरून एकेक अक्षर पडद्यावर यायचं, म्हणून आज्ञांची केवढी काटकसर! ओळ पुसायची तर दोनदा डी दाबा, झालं. त्याच साली एमआयटीत ईमॅक्स जन्मला. तो मुळातच लोकांनी केलेल्या भरींच्या संग्रहातून उभा राहिला होता. व्हीआयचा स्वभाव तसा नव्हता. पुढे १९८७ मध्ये टिम थॉम्प्सन यांनी अटारी एसटी या संगणकासाठी त्याची ‘स्टीव्ही’ नावाची नक्कल केली. ब्राम मोलेनार या डच प्रोग्रॅमरनं तिच्यावरून अमिगा संगणकासाठी व्हिम तयार केला. १९९१ मध्ये तो फ्लॉपीवरून लोकांपर्यंत गेला. नावाचा अर्थ आधी ‘व्हीआयची नक्कल’ असा होता, मग ‘सुधारलेला व्हीआय’ असा झाला. एक गोष्ट जाता जाता सांगायला हवी. मोलेनार यांनी या प्रोग्रॅमचे पैसे मागितले नाहीत. आवडला तर युगांडातल्या मुलांसाठी मदत करा, अशी विनंती त्यात घालून ठेवली. ती आजही व्हिम उघडल्यावर दिसते.

१९९८ च्या पाचव्या आवृत्तीत व्हिमला स्वतःची स्क्रिप्ट-भाषा मिळाली आणि २००१ च्या सहाव्या आवृत्तीत प्लगइनसाठी रीतसर जागा. आणि बरं का, गोंधळ तिथूनच सुरू झाला.

व्हिमचं एक घरचं फोल्डर असतं. त्याच्या पोटात कामावार कप्पे: चालणारा प्रोग्रॅम एका कप्प्यात, मजकूर रंगवण्याचे नियम दुसऱ्यात, मदतीचा मजकूर तिसऱ्यात. बाहेरून आणलेलं प्लगइन झिप फाइलमध्ये यायचं. ती त्या फोल्डरात उघडली की आतल्या फाइली आपापल्या कप्प्यात जाऊन बसायच्या. दहा प्लगइनं बसवलीत की दहांच्या फाइली एकमेकींत मिसळल्या. आता त्यातलं सातवं काढायचं आहे. त्याच्या फाइली नेमक्या कोणत्या? कुणालाच सांगता येत नाही. लग्नघरी दहा बिऱ्हाडांची भांडी एकाच फळीवर लागावीत आणि कुणावरही नाव घातलेलं नसावं, तशी गत.

तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात गेली असल्यामुळे आम्हाला इथे न्याय-वैशेषिकांची आठवण येणं अटळच. त्यांनी संबंधांमध्ये एक भेद केला आहे. मेज आणि मेजावरचं पुस्तक यांच्यात संयोग असतो: दोन्ही आधी वेगळी होती, पुन्हा वेगळी होऊ शकतात. धागे आणि वस्त्र यांच्यात समवाय असतो: धाग्यांपासून वस्त्र सुटं काढून दाखवता येत नाही. प्लगइन हा नावानं संयोग होता; व्यवहारात मात्र २००१ ची रचना त्याचा समवाय करून टाकत होती. समवाय असा मागाहून घडवता येत नाही, असा आक्षेप कुणी शास्त्री घेतील. तो मान्यच आहे. पण फाइली मिसळलेल्या त्या फोल्डरसमोर बसलेल्या माणसाला हा भेद फारसा दिलासा देणारा नव्हता.

हा गुंता सोडवला टिम पोप यांनी, २००८ मध्ये. त्यांच्या प्लगइनचं नाव पॅथोजेन, म्हणजे रोगजंतू. या मंडळींचा विनोद असाच असतो. युक्ती अगदी साधी होती. कामाचं सामान कुठे कुठे शोधायचं, याची एक यादी व्हिमजवळ असते. पॅथोजेननं प्रत्येक प्लगइनला स्वतंत्र फोल्डर दिलं आणि ती सगळी फोल्डरं त्या यादीत घातली. बस, इतकंच. प्लगइन नको झालं? त्याचं फोल्डर पुसा. पॅथोजेन इंटरनेटवरून काही आणत नसे, काही ताजं करत नसे. तरीही आमच्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची सुधारणा तीच. जोडणं सगळ्यांनाच सुचतं; काढण्याची सोय करणारा विरळा.

त्यानंतरचा काळ वेगाचा. २०१० मध्ये व्हंडल आला. रुबी भाषेच्या जगातल्या बंडलर या साधनावरून त्यानं स्फूर्ती घेतली होती. आता फोल्डरं हातानं मांडायची गरज राहिली नाही. व्हिमआरसी या सेटिंगच्या फाइलीत प्लगइनचं नाव लिहायचं, एक आज्ञा द्यायची, की ते गिटहबवरून आपलं आपण उतरायचं. २०१३ मध्ये जुनेगुन चोई या कोरियन प्रोग्रॅमरचा व्हिम-प्लग आला. तो अनेक प्लगइनं एकाच वेळी उतरवतो आणि गरज पडेल तेव्हाच एखादं जागं करतो.

तो वापरायचा कसा, हे थोडक्यात पाहू. व्हिम-प्लग म्हणजे एकच फाइल. ती उतरवून व्हिमच्या घरातल्या ऑटोलोड कप्प्यात ठेवायची. मग व्हिमआरसीत आरंभाची एक ओळ, शेवटाची एक ओळ, आणि मध्ये हव्या त्या प्लगइनांची नावं, दर ओळीला एक: आधी कर्त्याचं नाव, तिरपी रेघ, मग प्लगइनचं. समजा, पोप यांचंच सराउंड घेतलं. फाइल जतन करून व्हिम पुन्हा उघडायचा आणि प्लगइन्स्टॉल ही आज्ञा द्यायची. दुहेरी अवतरणचिन्हं एकेरी करायची असतील, तर सी, एस, जुनं चिन्ह, नवं चिन्ह, अशा चार कळा पुरतात. काढायचं असेल तर ती ओळ पुसायची आणि पुढच्या वेळी व्हिम उघडल्यावर प्लगक्लीन म्हणायचं. तो एकदा विचारतो आणि फोल्डर पुसून टाकतो.

आता किल्ल्यांचा प्रश्न. झिप उघडणाऱ्या माणसाला निदान आपण काय आणलं ते डोळ्यांनी दिसत होतं. प्लगअपडेट म्हणणारा माणूस वीस अनोळखी लोकांनी काल रात्रीपर्यंत जे लिहिलं, ते सगळं न पाहता घरात घेतो. आणि प्लगइन आपल्याच अधिकारानं चालतं. जी फाइल आपण वाचू शकतो, ती तेही वाचू शकतं. ही नुसती शंका नव्हे. नोड जेएसच्या जगात २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम नावाच्या पॅकेजचं असंच झालं. मूळ कर्त्याला त्यात रस उरला नव्हता. मदत करतो म्हणणाऱ्या एका अनोळखी माणसाकडे त्यानं ते सोपवलं. त्या माणसानं आत छुपा मजकूर घुसवला. रोख होता बिटकॉइनच्या एका वॉलेटवर. वापरणाऱ्यांची चूक एवढीच, की ते नेहमीप्रमाणे अपडेट करत राहिले. पॅकेजचं नाव तेच राहिलं, मागचा माणूस बदलला, आणि बदल झाल्याचा निरोप कुणालाच गेला नाही.

व्हिमच्या बाबतीत सुदैवानं उलट घडलं. मोलेनार ३ ऑगस्ट २०२३ ला वारले, तेव्हा वर्षानुवर्षं त्यांच्याबरोबर काम केलेल्या स्वयंसेवकांनी, ख्रिश्चन ब्राबांट आणि इतरांनी, काम उघडपणे हाती घेतलं. जानेवारी २०२४ ची ९.१ ही आवृत्ती मोलेनार यांना अर्पण केलेली आहे.

म्हणून व्हिम-प्लग वापरणाऱ्यांना दोन सोयी सांगून ठेवतो. अपडेट केल्यावर प्लगडिफ ही आज्ञा द्या. काय काय बदललं ते दिसतं आणि न पटलेला बदल मागे घेता येतो. दुसरी सोय अशी, की प्लगइनच्या नावापुढे ठरावीक बदलाचा क्रमांक लिहिला तर ते तिथेच थांबतं, आपण सांगेपर्यंत पुढे सरकत नाही. दोन्ही कंटाळवाण्या आहेत, आणि बहुतेक लोक त्या वापरत नाहीत.

ज्यांना कारभारीच नको, त्यांच्यासाठी २०१६ च्या आठव्या आवृत्तीपासून व्हिममध्येच पॅक नावाचं फोल्डर चालतं. त्यात स्टार्ट आणि ऑप्ट असे दोन कप्पे: पहिल्यातलं आपोआप सुरू होतं, दुसऱ्यातलं सांगितल्यावर. आणणं, ताजं करणं मात्र आपल्या हातानं. म्हणजे पॅथोजेनची युक्तीच मूळ एडिटरनं स्वीकारली. खुद्द पोप आता नव्या लोकांना हीच व्यवस्था वापरायला सांगतात. ईमॅक्सनं २०१२ मध्येच स्वतःचा पॅकेज मॅनेजर आत घेतला होता. त्याची कथा लिस्प भाषेपासून सुरू होते, ती पुढच्या वेळी.