कादंबरीतल्या प्रसंगाचा छोटा नाट्यप्रवेश कसा करायचा?

कादंबरीतला प्रसंग रंगमंचावर किंवा रीलसाठी संवादरूपात मांडणं म्हणजे नाट्यरूपांतर. कादंबरीत निवेदक पात्राच्या मनातलं सांगू शकतो. नाट्यप्रवेशात ते कृतीतून, वस्तूतून किंवा गप्प राहण्यातून दाखवावं लागतं.

उदाहरण : ‘श्यामची आई’

साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनी लिहून घेतली. ‘श्यामची आई’ त्यांनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. आचार्य अत्र्यांनी 1953 मध्ये तिच्यावर चित्रपट केला. पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक त्यालाच मिळालं.

त्यातला पोहण्याचा प्रसंग घ्या. श्याम पाण्याला घाबरून लपतो. आई त्याला मारून पोहायला पाठवते. पुस्तकात मोठा झालेला श्याम ही आठवण सांगतो, त्यामुळे त्या माराचा अर्थ त्याला कळलेला आहे. रंगमंचावरच्या लहान श्यामला तो अजून कळलेला नाही.

रूपांतराच्या पायऱ्या

1. एकच जागा, एकच वेळ निवडा. इथे मार खाल्ल्यानंतरची संध्याकाळ.
2. कोणाला काय हवंय ते ठरवा. श्यामला आईला दोष द्यायचाय. आईला त्याची भीती घालवायचीय, पण त्याला दुरावू द्यायचं नाहीये.
3. ‘आईला वाईट वाटलं’ असं वाक्य कोणाच्याही तोंडी घालू नका.
4. शेवटी काहीतरी बदललेलं दिसू द्या.

नमुना (संवाद पुस्तकातले नाहीत)

(श्याम भिंतीकडे तोंड करून बसलाय.)
आई : डोकं पुसलंस का रे?
(श्याम गप्प.)
आई : इकडे बघ जरा.
श्याम : तूच बघ. (सदरा वर करतो. पाठीवर वळ.)
(आई वळांवरून हात फिरवते. बोलत नाही.)
श्याम : उद्या पण जायचं?
आई : जायचं. उद्या मी काठावर उभी राहीन.

आई माफी मागत नाही आणि हट्टही सोडत नाही. तिचा फिरणारा हात आणि शेवटचं वाक्य मिळून तिचं मन कळतं.

बोलीचं काय?

प्रसंग खानदेशातला असेल, तर पात्र कुठलं ते आधी पाहा. धुळ्याकडच्या अहिराणीत ‘आहे’चं ‘शे’ होतं, तर पूर्व जळगावात तावडी बोली ऐकू येते. दोन्हींची सरमिसळ तिथल्या प्रेक्षकाला लगेच खटकते. बोली येत नसेल तर साधी मराठी ठेवा, किंवा संवाद त्या भागातल्या माणसाकडून वाचून घ्या.

परवानगी लागते का?

भारतात लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं स्वामित्वहक्क टिकतो. साने गुरुजींचं निधन 1950 मध्ये झालं, त्यामुळे त्यांचं लेखन 2011 पासून खुलं आहे. जळगाव जिल्ह्यातल्या भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’ला (1963) मात्र ही सूट नाही. तिच्यातल्या प्रसंगाचं रूपांतर जाहीरपणे सादर करायचं किंवा टाकायचं असेल, तर आधी लेखी परवानगी घ्या.