एका स्क्रूची पासष्ट वर्षं

"रेस दिली की गाडी मक्खन. सिग्नलला थांबलं की फट्-फट्-फुस्." दुचाकीच्या गॅरेजात ही तक्रार यायचीच, आणि ती ऐकून जुना मिस्त्री लगेच पान्याला हात घालायचा नाही. आधी गाडी चालू करून नुसता ऐकत उभा राहायचा. हे मिसिंग ठरावीक ठेक्यात मारतंय की मधूनच, धूर काळा आहे की निळसर, इंजिन तापल्यावर आवाज सुधारतो की बिघडतो, यावरून अर्धं निदान तिथंच व्हायचं.

रस्त्याकडेच्या दुरुस्तीचा धंदा या तक्रारीवर बराच पोसला गेला. वेगात पळणारं इंजिन आपले पुष्कळ दोष झाकून नेतं. मंद गतीत ते जमत नाही. आत येणारी हवा थोडी, तिची ओढ कमी, पेट्रोल नीट उडत नाही, ठिणगीही जेमतेम. अशा वेळी कुठं केसाएवढी फट राहिली तरी इंजिन बोंब मारतं.

मुख्य संशयित अर्थातच हवा-पेट्रोलचं मिश्रण करणारा कार्बोरेटर. तीन ब्रिटिश कंपन्या एकत्र येऊन 1927 मध्ये अमाल ही कंपनी झाली आणि पुढं कित्येक वर्षं ब्रिटिश मोटारसायकलींवर बहुतेक तिचाच कार्बोरेटर दिसे. अशा कार्बोरेटरात थ्रॉटल साधारण एक अष्टमांश उघडेपर्यंत पायलट जेटचं राज्य असतं. त्यानंतर स्लाइडचा काप, मग सुई आणि शेवटी मेन जेट. म्हणून वेगात ठीक आणि थांबल्यावर आचके देणारी गाडी आली की बोट आधी पायलट जेटकडे जायचं. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक. टाकीतल्या गंजाचा एक कण ते बुजवायला पुरे. ते हवेच्या झोतानं साफ करावं, तार घालू नये, असं पुस्तकं बजावत. गॅरेजात मात्र जुन्या क्लच केबलची एक तार सोडवून ती भोकातून सर्रास फिरवली जायची. पितळ मऊ, तार पोलादी. भोक मोठं व्हायचं आणि गाडी तेव्हापासून जास्त पेट्रोल प्यायला लागायची. मालक दोष द्यायचा कंपनीला.

या जेटबरोबर काम करतो तो एअर स्क्रू. आत फिरवला की हवा कमी, मिश्रण दाट. बाहेर काढला की मिश्रण पातळ. पूर्ण आत बसवायचा, मग दीडेक आटा बाहेर घ्यायचा आणि तिथून कानानं जुळवायचं, ही रीत. तीही इंजिन चांगलं तापल्यावर. थंड इंजिनावर जुळवलेली गाडी अर्ध्या तासानं पुन्हा दारात उभी, हे ठरलेलंच.

1955 मध्ये मद्रासला एनफील्ड इंडिया सुरू झाली आणि लष्करामुळे देशाला माहीत झालेली बुलेट इथं बनू लागली. पुढच्या दशकात म्हैसूरच्या आयडियल जावानं चेक बनावटीची जावा आणली आणि एस्कॉर्ट्सनं पोलिश गाडीवर बेतलेली राजदूत. तीन गाड्या, तीन तऱ्हा. बुलेट फोर-स्ट्रोक, तिच्या मिसिंगचा माग काढताना ठिणगीचे पॉइंट आणि टॅपेटही तपासावे लागत. पॉइंटमधली फट 0.35 ते 0.40 मिलिमीटर हवी. ती चुकली किंवा कंडेन्सर गेला की पॉइंट जळून काळे पडायचे आणि ठिणगी लंगडायची. चांगल्या मिस्त्रीची खूण हीच, की तो कार्बोरेटर उघडण्याआधी प्लग काढून बघायचा. टोक कोरडं काळं असेल तर पेट्रोल जास्त, तेलकट असेल तर तेल वर चढतंय, पांढरट असेल तर कुठून तरी जादा हवा ओढली जातेय. फिकट तपकिरी दिसला की गडी समाधानानं प्लग परत बसवायचा.

जावा आणि राजदूत टू-स्ट्रोक, आणि तिथं गिऱ्हाइकाला समजावणं दुरुस्तीपेक्षा अवघड. टू-स्ट्रोक इंजिनात मंद गतीला जळका वायू पुरता बाहेर पडत नाही, तो ताज्या मिश्रणात मिसळतो आणि मधले काही फेरे पेट न घेताच जातात. थोडं अडखळणं हा त्या इंजिनाचा स्वभावच. पण क्रँकचं ऑइल सील गेलं असेल तर गोष्ट वेगळी. मग गाडी कधी आपोआप रेस होते, कधी दम तोडते, आणि स्क्रू कितीही फिरवला तरी हाती काही लागत नाही.

बुलेटवाल्यांचा हट्ट उलटा. ठोका मोजता आला पाहिजे, इतकं आयडल, म्हणजे इंजिनाची मंद गती, खाली हवं. मिस्त्री करून द्यायचे. जुन्या बुलेटचा ऑइल पंप इंजिनाच्या गतीवर चालतो, इतक्या कमी गतीला तेल पुरेसं पोचत नाही, हे ऐकायला कोणी तयार नसायचं. शौकापायी इंजिन झिजवण्याचा हा प्रकार आजही दिसतो, आणि तो शुद्ध वेडेपणा आहे.

काही दोष मात्र गाडीत नव्हतेच. रेशनचं रॉकेल स्वस्त, पेट्रोल महाग, त्यामुळे भेसळ फोफावली. रॉकेलची वाफ सहज होत नाही. मंद गतीत ते अर्धवट जळतं आणि प्लगवर काजळी धरते. मिस्त्री प्लग पुसून द्यायचे, दुखणं टाकीत राहायचं. भेसळीच्या धंद्याची पाळंमुळं किती खोल होती ते मनमाडजवळच्या पानेवाडीत दिसलं. 25 जानेवारी 2011 रोजी भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तिथं जिवंत जाळण्यात आलं.

त्याआधीच या एअर स्क्रूकडे सरकारचंही लक्ष गेलं होतं. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 115 व्या नियमानं दुचाकीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड 4.5 टक्क्यांपेक्षा जास्त नको असं ठरवलं, आणि मोजायचं ते इंजिन आयडलवर असताना. कानानं जुळवलेली गाडी आता यंत्रापुढं उभी राहू लागली. मिश्रण जरा दाट ठेवलं की आयडल गोड लागतं, पण प्रदूषण तपासणीत, म्हणजे पीयूसीत, आकडा वाढतो. मग पीयूसीआधी स्क्रू अर्धा आटा बाहेर, कागद हातात पडला की पुन्हा आत. या पळवाटेत मिस्त्री आणि मालक दोघंही सामील असायचे.

1980 च्या दशकात जपानी सहकार्यानं हीरो होंडा आणि यामाहाच्या गाड्या आल्या, सीडीआय इग्निशन रुळलं आणि पॉइंट हळूहळू हद्दपार झाले. संशयितांच्या यादीत कार्बोरेटरला इंजिनाशी जोडणारं रबर वरच्या नंबरला गेलं. ते तडकलं की हवा चोरून शिरते. जोडावर तेलाचे चार थेंब सोडले आणि आवाज बदलला, की चोर सापडला. पुढं पल्सरसारख्या गाड्यांवर आलेल्या कार्बोरेटरात स्क्रू इंजिनाच्या बाजूला गेला आणि हवेऐवजी मिश्रण मोजू लागला. तिथं आत म्हणजे पातळ, बाहेर म्हणजे दाट. बुलेटवर तयार झालेल्या हाताला हे उलटं गणित पचायला वेळ लागला.

1 एप्रिल 2020 ला देशभर बीएस-6 हे प्रदूषण मानक लागू झालं आणि नव्या मोटारसायकलींवर जवळपास सगळीकडे फ्युएल इंजेक्शन आलं. आयडल आता संगणक ठरवतो. तक्रार तीच, कारणं नवी: थ्रॉटल बॉडीत साचलेला कार्बन, मरगळलेली बॅटरी, बिघडलेला सेन्सर. कान उपयोगी पडतोच, पण स्कॅनर लावल्याशिवाय काम पुढं सरकत नाही.

कार्बोरेटरच्या जुन्या गाड्या मात्र लाखोंनी रस्त्यावर आहेत आणि त्यांच्या टाकीत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पडतं. त्याचे सुरुवातीचे काही प्रयोग 2001 मध्ये झाले तेही मिरज आणि मनमाडला. इथेनॉल ओलावा ओढतं, जुनं रबर फुगवतं आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली तर पायलट जेट चिकटतो. तेव्हा जुनी गाडी महिनाभर उभी ठेवणार असाल तर कॉक बंद करून फ्लोट बाऊलमधलं पेट्रोल काढून टाका. आणि परत आल्यावर ती मिसिंग मारायला लागली, तर स्क्रूला हात लावण्याआधी प्लग काढून बघा.