कुळ फक्त बड्यांनाच असते का?

इ.स.पू. 300 मध्ये रोममध्ये एक वाद रंगला. पाँटिफ आणि ऑगर ही धर्माधिकाराची पदे तोवर केवळ पॅट्रिशियन, म्हणजे जुन्या उमराव, घराण्यांकडे होती. ओगुल्नियस नावाच्या दोन ट्रिब्यूनांनी कायदा मांडला, की चार पाँटिफ आणि पाच ऑगर प्लिबियनांमधून, म्हणजे बाकीच्या नागरिकांमधून, घ्यावेत. लिव्ही या इतिहासकाराने या प्रसंगी प्लिबियन पुढारी पब्लियस डेसियस मूस याच्या तोंडी एक भाषण घातले आहे. कुळ म्हणजे ‘गेन्स’ फक्त आम्हालाच आहे, हा पॅट्रिशियनांचा जुना दावा आता ऐकवत नाही, असा त्याचा रोख आहे. लिव्हीने हे लिहिले ते घटनेनंतर सुमारे पावणेतीनशे वर्षांनी, त्यामुळे भाषणातले शब्द त्याचेच धरावे लागतात. पण दावा त्याने हवेतून काढलेला नाही. पुढच्या काळातल्या अनेक अभ्यासकांनीही तो खरा मानला: कुळे पॅट्रिशियनांची आणि प्लिबियन म्हणजे कुळाबाहेरचा जमाव. मला हे पटत नाही. रोमन माणसाच्या नावातच त्याविरुद्धचा पुरावा आहे, आणि दावा करणाऱ्यांच्या नावांतही तो तितकाच आहे.

रोमन पुरुषाचे पहिले नाव घरातल्या हाकेचे. अशी नावे इतकी थोडी, की मार्कस, गायस, लुशियस अशी मोजकीच पिढ्यान् पिढ्या फिरत राहिली. दुसरे नाव कुळाचे: ज्युलियस, कॉर्नेलियस, सेम्प्रोनियस, लिसिनियस. तिसरे नाव शाखेचे असे, आणि तेही प्रत्येकाला नसे. यातला कणा दुसरे नाव, आणि ते प्लिबियनांकडे पॅट्रिशियनांसारखेच, त्याच जागी, त्याच व्याकरणाने येते. मुलींच्या बाबतीत हे अधिक ठळक दिसते, कारण मुलीला बहुधा कुळाचेच नाव मिळे आणि लग्नानंतरही ते टिके. ग्रॅकस बंधूंची आई कॉर्नेलिया, कारण तिचा बाप पॅट्रिशियन कॉर्नेलियस स्किपिओ. तिची मुलगी मात्र सेम्प्रोनिया, कारण तिचा बाप प्लिबियन सेम्प्रोनियस. ही सेम्प्रोनिया पुढे स्किपिओंच्या घरात सून म्हणून गेली, तरी सेम्प्रोनियाच राहिली. कुळच नसलेल्या माणसाच्या मुलीला कोणत्या कुळाचे नाव मिळाले असते?

यावर कुणी म्हणेल, खरी खानदानी तिसऱ्या नावात होती आणि प्लिबियनांना ते नसे. गायस मारियस सात वेळा कॉन्सल, म्हणजे सर्वोच्च अधिकारी, झाला, पण प्लुटार्कने त्याचे चरित्रच मुळी त्याला तिसरे नाव नव्हते या गोष्टीने सुरू केले आहे. सोबत सर्टोरियस आणि कॉरिंथचा विध्वंस करणारा मम्मियस यांचीही उदाहरणे दिली आहेत. मार्कस अँटोनियसलाही तिसरे नाव नव्हते, मग त्याचा आजा इ.स.पू. 99 चा कॉन्सल का असेना. निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा. इटलीच्या दक्षिण टोकाला तिरिओलो येथे 1640 मध्ये एक काशाचा पत्रा सापडला, आता तो व्हिएन्नामध्ये आहे. इ.स.पू. 186 मध्ये सेनेटने बॅकसच्या गुप्त पूजेवर घातलेली बंदी त्यावर कोरलेली आहे. वरच त्या वर्षाच्या दोन कॉन्सलांची नावे आहेत: लुशियसचा मुलगा क्विंटस मार्शियस आणि लुशियसचा मुलगा स्पुरियस पोस्टुमियस. पहिला प्लिबियन, दुसरा पॅट्रिशियन. एकाच्या शाखेचे नाव फिलिप्पस, दुसऱ्याच्या अल्बिनस. पत्र्यावर दोन्ही गायब. नोंद लिहिताना हजर असलेले साक्षीदारही असेच: मार्कस क्लॉडियस, लुशियस व्हॅलेरियस, क्विंटस मिनुसियस. सरकारी कागदाच्या दृष्टीने माणूस म्हणजे त्याचे नाव, बापाचे नाव आणि कुळाचे नाव, आणि या तिन्हींत प्लिबियन कुठेही उणा नाही. तिसरे नाव ही तेव्हा घराघरातली हौस होती, कायद्याने दिलेला दर्जा नव्हे.

ही हौस प्लिबियनांनी पुरेपूर भागवली. डोमिशियस अहेनोबार्बस घराण्याची गोष्ट स्वेटोनियस सांगतो. एका विजयाची बातमी आणणाऱ्या देवजोडीने मूळपुरुषाच्या गालाला हात लावला, आणि काळी दाढी तांबूस झाली. तेच शाखेचे नाव. या घराण्याने पहिल्या नावांतही फक्त दोन ठेवली, लुशियस आणि ग्नेयस: आधी ओळीने तीन लुशियस, मग तीन ग्नेयस, पुढे आलटून पालटून. कुळाचा इतका काटेकोर हिशेब पॅट्रिशियनांनीही क्वचितच ठेवला असेल. पॅट्रिशियन क्लॉडियस कुळाने लुशियस हे नाव टाकले ते त्या नावाच्या दोघांना दरोडा आणि खून या गुन्ह्यांत शिक्षा झाली म्हणून. प्लिबियन मार्शियस घराण्याने तर इ.स.पू. 88 च्या सुमारास नाण्यांवर नुमा आणि आंकस मार्शियस या प्राचीन राजांचे चेहरे छापून वंशावळ थेट राजवाड्यात नेऊन भिडवली. ती खरी होती असे मानायला आधार नाही. सिसेरो स्वतः लिहितो, की घराघरातल्या श्राद्धपर भाषणांत खोटे विजय आणि खोट्या वंशावळी घुसडल्या जातात. मी टुलियस म्हणून राजांच्या हकालपट्टीनंतर दहाव्या वर्षी कॉन्सल झालेल्या मानियस टुलियसचा वंशज असे म्हणू लागलो तर कसे चालेल, असे तो विचारतो.

सर्वात जड आक्षेप कायद्याचा आहे. बारा पट्टांच्या संहितेनुसार मृत्युपत्र नसेल आणि बापाकडून कुणी नातेवाईक नसेल, तर मालमत्ता कुळबांधवांकडे जाई. सिसेरोने सांगितलेल्या एका खटल्यात एका मुक्त दासाच्या मुलाची इस्टेट दोन पक्ष मागत होते: प्लिबियन क्लॉडियस मार्सेलस ‘वंशशाखे’च्या आधारे, पॅट्रिशियन क्लॉडियस ‘कुळा’च्या आधारे. म्हणजे प्लिबियनांकडे कुळाचा हक्क नव्हताच, असे यावरून सुचवले जाते. पण ही भाऊबंदकी एकाच कुलनामाच्या दोन शाखांची होती, आणि तिच्यावरून साऱ्या प्लिबियनांचा निकाल लावता येत नाही. उलट सिसेरोनेच व्हेरेसविरुद्धच्या भाषणात दुसरे प्रकरण दिले आहे. इ.स.पू. 74 च्या सुमारास मिनुसियस नावाचा एक माणूस मृत्युपत्र न करता मेला, आणि सिसेरो सरळ लिहितो, की कायद्याने वारसा मिनुसिया कुळाकडे जात होता. मिनुसियस त्या काळी प्लिबियन, इ.स.पू. 121 मध्ये त्या नावाचा माणूस ट्रिब्यून होता, आणि ट्रिब्यूनपद पॅट्रिशियनाला मिळत नसे. हे कुळ प्राचीन काळी पॅट्रिशियन असावे, कारण जुन्या कॉन्सल-यादीत त्यांची नावे आहेत, असे कुणी म्हणेल. समजा तसे असले, तरी प्लिबियन झाल्यावरही कुळाचा हक्क टिकला, म्हणजे तो पॅट्रिशियन रक्ताला चिकटलेला नव्हता.

दर्जा आणि कुळाचे नाव यांची ताटातूट क्लोडियसने उलट्या बाजूने दाखवली. ट्रिब्यून व्हायचे म्हणून या पॅट्रिशियनाने इ.स.पू. 59 मध्ये फाँटियस नावाच्या प्लिबियनाला दत्तक जाऊन घेतले. दत्तक बाप मुलापेक्षा धाकटा, विशीतला. रीतीप्रमाणे त्याचे नाव फाँटियस व्हायला हवे होते. ते झाले नाही, आणि दोन वर्षांनी सिसेरोने पाँटिफांसमोर नेमके हेच उगाळले: तू फाँटियस का नाहीस, त्या घरचे देवकार्य कोण करतो? विरोधकाचा राग बाजूला ठेवला, तरी प्लिबियन फाँटियस घरालाही स्वतःचे नाव आणि स्वतःचे देव आहेत, हे त्यात गृहीतच आहे.

पुढे कुलनाम इतके पसरले, की त्याने ओळख पटेनाशी झाली. मुक्त झालेला दास मालकाचे कुलनाम घेई. सिसेरोचा लेखनिक टिरो मुक्ततेनंतर मार्कस टुलियस टिरो झाला. नवे नागरिक वाढत गेले, तसे हे प्रमाणही वाढले. इ.स. 212 मध्ये काराकाला सम्राटाने साम्राज्यातल्या जवळजवळ सर्व स्वतंत्र रहिवाशांना नागरिकत्व दिले. त्याचे अधिकृत नाव मार्कस ऑरेलियस अँटोनिनस, आणि नव्या नागरिकांनी ऑरेलियस हे कुलनाम घेतले. ज्या ऑरेलियस कुळाचे नाव रोमच्या इतिहासात सर्वाधिक पसरलेल्या कुलनामांपैकी एक झाले, ते मूळचे प्लिबियनच होते.