११ डिसेंबर १७२५ : सही नाकारणारे जॉर्ज मेसन

व्हर्जिनियातले जमीनदार आणि राजकारणी जॉर्ज मेसन यांचा हा जन्मदिन. ते नऊ वर्षांचे असताना वडील पोटोमॅक नदीत होडी उलटून बुडाले. जमीनजुमला आईने सांभाळला. वाचनाचा नाद लागला तो आत्याचे यजमान, वकील जॉन मर्सर यांच्या पुस्तकांमुळे. १७५० मध्ये सोळा वर्षांच्या अ‍ॅन आयलबेकशी लग्न झाले. बारा अपत्ये झाली, त्यातली नऊ जगली. १७७३ मध्ये अ‍ॅन गेल्या, तेव्हापासून मेसन गन्स्टन हॉल या आपल्या वाड्यातून बाहेर पडायला नाखूशच असत. त्यात संधिवाताचे दुखणे.

तरीही १७७६ चा व्हर्जिनियाचा हक्कांचा जाहीरनामा मुख्यतः त्यांच्याच हातचा. १७८७ मध्ये, नागरिकांच्या हक्कांची सनद नाही म्हणून त्यांनी अमेरिकेच्या राज्यघटनेवर सही केली नाही. शेजारी आणि जुने स्नेही जॉर्ज वॉशिंग्टन यांच्याशी त्यामुळे कायमचे बिनसले. चारच वर्षांत ती सनद घटनेत आली, म्हणजे हट्ट रास्तच होता.

मात्र गुलामांच्या व्यापाराला नारकी म्हणणाऱ्या या गृहस्थांनी स्वतःचे गुलाम कधी मुक्त केले नाहीत. मृत्युपत्रात ते मुलांना वाटून दिले.