स्वनिर्मित आकारसंग्रह (आरेखन सॉफ्टवेअर)

स्वनिर्मित आकारसंग्रह म्हणजे आरेखन सॉफ्टवेअरमध्ये मुळात नसलेली, वापरकर्त्याने स्वतः तयार केलेली किंवा अन्यत्रून आणलेली चिन्हे एकत्र ठेवण्याची सोय होय. डिया, ड्रॉ.आयओ, व्हिजिओ इत्यादी सॉफ्टवेअरमध्ये ती निरनिराळ्या स्वरूपांत आढळते. संगणकापूर्वी आरेखक चिन्हांच्या आकाराची छिद्रे असलेली प्लास्टिकची पट्टी कागदावर ठेवून तीतून पेन्सिल फिरवीत असत. व्हिजिओमध्ये आकारसंग्रहाला 'स्टेन्सिल' म्हणतात, ते या पट्टीवरून. चक्रमुद्रणाच्या स्टेन्सिलशी त्याचा संबंध नाही.

आकार आणि चित्र

आकृतीत चिकटवलेले चित्र आणि संग्रहातील आकार यांत महत्त्वाचा भेद आहे. आकाराला जोडबिंदू असतात. जोडबिंदूला लावलेली रेषा आकार हलवला तरी त्याच्यासोबत सरकते. साध्या चित्राच्या बाबतीत रेषेचे टोक हव्या त्या ठिकाणी धरून राहील याची खात्री नसते. आकारात मजकुराची जागा ठरवून देता येते, तसेच लांबी-रुंदीचे प्रमाण कायम ठेवण्याची अटही घालता येते. चंचुपात्राचे चिन्ह तयार करताना ही अट घातली नाही, तर ओढाताणीत त्याची परात होण्यास वेळ लागत नाही.

डियामधील रचना

डिया हे मुक्त सॉफ्टवेअर असून अलेक्झांडर लार्सन हे त्याचे मूळ निर्माते होत. त्यात प्रत्येक आकारासाठी एक स्वतंत्र एक्सएमएल फाइल असते. या 'शेप' फाइलमध्ये आकाराचे नाव आणि एसव्हीजी पद्धतीने लिहिलेली रेखाकृती एवढे दोनच भाग अनिवार्य आहेत. जोडबिंदू, मजकुराची चौकट, प्रमाणाची अट आणि छोटे ओळखचित्र हे भाग ऐच्छिक आहेत. एसव्हीजीचा मर्यादित भागच डियाला समजतो, त्यामुळे रेखाकृती साधी ठेवणे इष्ट. रंगाच्या जागी ठरावीक छटा न लिहिता 'फोरग्राउंड' किंवा 'बॅकग्राउंड' असे लिहिल्यास आकार वापरताना निवडलेला रंग लागू होतो.

दुसरी फाइल 'शीट' या प्रकारची असते. कोणते आकार कोणत्या संचात व कोणत्या क्रमाने दिसावेत, हे ती ठरवते. शेप फाइल जागेवर असूनही तिचा उल्लेख कोणत्याच शीटमध्ये नसेल, तर आकार साधनपेटीत दिसत नाही. नवशिक्यांची अडचण बहुधा येथेच होते. वापरकर्त्याच्या मुख्य फोल्डरात टिंबाने सुरू होणारे डियाचे फोल्डर असते (लिनक्सवर ते सहसा लपलेले असते). त्यातील 'शेप्स' व 'शीट्स' या उपफोल्डरांत या फाइली ठेवून डिया पुन्हा सुरू करावे लागते.

एक्सएमएल हाताने लिहिणे सर्वांनाच जमते असे नाही. अशांनी आकृती डियामध्येच काढून ती शेप फाइल म्हणून निर्यात करावी आणि 'शीट्स अँड ऑब्जेक्ट्स' या खिडकीतून संचात घालावी. अशा फाइलमधील जोडबिंदू मात्र एकदा तपासून घेणे बरे.

फाइल दुसऱ्या संगणकावर नेताना

आकारसंग्रह वापरणाऱ्याने सर्वांत आधी समजून घ्यावी अशी बाब म्हणजे आकृतीच्या फाइलमध्ये आकार स्वतः साठवला जातो की त्याचे केवळ नाव. डियामध्ये केवळ नाव साठवले जाते. ज्या संगणकावर तो आकार नाही तेथे फाइल उघडल्यास अनोळखी वस्तूची सूचना येते आणि त्या आकाराची जागा रिकामी राहते. परिश्रमाने काढलेली आकृती दुसऱ्याच्या संगणकावर अशी विस्कळीत होऊ नये यासाठी शेप व शीट फाइली सोबत द्याव्यात. केवळ पाहण्यापुरती आकृती पाठवायची असल्यास पीडीएफ पुरेशी आहे.

व्हिजिओमध्ये स्टेन्सिलमधून ओढलेल्या आकाराची मूळ प्रत त्या दस्तऐवजाच्या अंतर्गत स्टेन्सिलमध्ये उतरते. ड्रॉ.आयओमध्येही आकाराची व्याख्या आकृतीतच जाते. या सोयीची दुसरी बाजू अशी की संग्रहातील चिन्ह नंतर सुधारले तरी आधी काढलेल्या आकृत्यांत जुनेच राहते. याखेरीज, ब्राउझरमध्ये ड्रॉ.आयओ वापरणाऱ्यांची 'स्क्रॅचपॅड' मधील चिन्हे ब्राउझरच्या साठ्यात असतात आणि तो साठा पुसल्यास नाहीशी होऊ शकतात. म्हणून कायम लागणारी चिन्हे नवा संग्रह निर्माण करून फाइलरूपाने जतन करावीत.

चिन्हांची निवड व मराठी नावे

एकाच वस्तूची एकाहून अधिक मान्य चिन्हे असू शकतात. विद्युत रोधासाठी भारतीय शालेय पुस्तकांत नागमोडी रेषा वापरतात, तर आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाच्या मानकात आयत आहे. डियाच्या परिपथ संचात दोन्ही उपलब्ध आहेत. त्यामुळे नवे चिन्ह घडवण्यापूर्वी उपलब्ध संच चाळणे श्रेयस्कर.

डियाच्या शीट फाइलमध्ये संचाचे नाव व आकाराचे वर्णन अनेक भाषांत देता येते. त्यासाठी संबंधित ओळीला भाषेचा संकेत जोडतात. मराठीचा संकेत 'एमआर' हा आहे. शेप फाइलमधील नावाचे मात्र भाषांतर करू नये. तेच नाव आकृतीच्या फाइलमध्ये नोंदलेले असते आणि ते बदलल्यास पूर्वीच्या आकृत्यांना तो आकार सापडत नाही.