तळटीप : आज्ञापालनाच्या तीन पायऱ्या
येशूसंघाचे (जेज्विट) संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी २६ मार्च १५५३ रोजी रोमहून पोर्तुगालमधल्या आपल्या संघबंधूंना लिहिलेल्या पत्रात या पायऱ्या येतात. सांगितलेले काम करणे ही पहिली, आणि त्यांच्या लेखी अगदी खालची. दुसरीत वरिष्ठांची इच्छा तीच आपली इच्छा होते; तिसरीत आपली बुद्धीही त्यांच्या निर्णयाशी जुळते. परिपूर्णता ती इथे. यामागची श्रद्धा ध्यानात घेतली नाही, तर ही निव्वळ गुलामी वाटेल. वरिष्ठ शहाणे किंवा सज्जन आहेत म्हणून नव्हे, ते ख्रिस्ताच्या जागी आहेत म्हणून त्यांचे ऐकायचे. त्याच वर्षी जूनमध्ये इग्नेशियसनी आपले संघबंधू फ्रान्सिस झेवियर यांनाही आज्ञापालनाच्याच नावाने युरोपात परत बोलावले. झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजीच चीनलगतच्या शांगचुआन बेटावर निवर्तल्याचे रोमला कळलेले नव्हते. एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. उघड पाप घडवणारी आज्ञा बंधनकारक नाही, आणि मत वेगळे असेल तर प्रार्थना करून ते वरिष्ठांपुढे मांडावे, याची मुभा मार्चच्या त्या पत्रातच आहे. तो भाग गाळून इग्नेशियसना अंध आज्ञापालनाचे पुरस्कर्ते ठरवणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.