आघातोपचार, देहाधिष्ठित व मेंदूलक्ष्यी

भूकंप, अपघात, अत्याचार यांनंतर मागे उरणारी धास्ती, दचकणे व दुःस्वप्ने यांवरील मानसोपचार. नुसत्या बोलण्यावर न विसंबता ते शारीरिक संवेदना, श्वास, डोळ्यांच्या हालचाली किंवा मेंदूलहरी यांचा आधार घेतात. यांत सर्वाधिक अभ्यास ईएमडीआर (आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रिप्रोसेसिंग) पद्धतीचा झाला आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रान्सीन शपिरो यांना ती 1987 मध्ये सुचली. क्लेशदायक आठवण मनात धरून रुग्ण उपचारकाच्या डावी-उजवीकडे सरकणाऱ्या बोटांचा नजरेने माग घेतो. प्रसंग तपशिलाने सांगावा लागत नाही. बोलायला धजत नसलेल्यांना हीच मोठी सवलत वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये तिची शिफारस केली. मात्र गुण डोळ्यांच्या हालचालींमुळेच येतो का, हा वाद मिटलेला नाही. पीटर लेव्हीन यांची ‘सोमॅटिक एक्सपिरिअन्सिंग’ पद्धत शरीरातील ताण हळूहळू ओळखून सैल करते. तिच्यामागचा पुरावा अजून तोकडा आहे. मेंदूलहरींवर आधारित न्यूरोफीडबॅकबाबतही तेच म्हणावे लागते.

सुमारे 10,000 बळी घेणाऱ्या किल्लारीच्या भूकंपाने (30 सप्टेंबर 1993) महाराष्ट्रात आपत्तीनंतरच्या मानसिक आरोग्याचा प्रश्न ऐरणीवर आणला. गुजरातेतील 2001 च्या भूकंपानंतर भारतात ईएमडीआरच्या प्रशिक्षणाला चालना मिळाली.